लहान्याला कोण धरतं, हेही विचारा : खान्देशात येणाऱ्या समाजशास्त्राच्या अभ्यासकांना खुले पत्र

प्रिय अभ्यासकहो,

सप्रेम नमस्कार.

कुटुंब, मुलांचं संगोपन आणि शिक्षणातली विषमता या विषयांवर काम करायला तुम्ही आमच्या भागात येता. कुणी इथल्याच विद्यापीठातून पीएच.डी.साठी, कुणी पुण्या-मुंबईच्या संस्थेच्या प्रकल्पासाठी. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीची सुरुवातीची वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, पार सातपुड्याच्या आत काढली. तुम्ही गावात आलात की आधी शाळेतच येता. मग तुमच्याबरोबर घरोघर फिरणं, अहिराणीतलं किंवा पावरीतलं बोलणं तुम्हाला मराठीत सांगणं हे काम माझ्यासारखीकडे येतं, आणि मी ते मनापासून करते. तुम्ही लिहिलेलं पुढे शासनाच्या टेबलावर जातं. आमचं बोलणं तिथवर पोचत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

मुलींच्या गळतीची कारणं देताना तुमच्या अहवालांत एक ओळ हमखास येते : पालकांची उदासीनता. गरिबी, स्थलांतर, बालविवाह यांच्या रांगेत तिला जागा मिळालेली असते. ही ओळ लिहिण्याआधी थांबा, एवढी माझी विनंती आहे. तिच्या जागी काय तपासायला हवं, ते मला सांगायचं आहे.

तुमची प्रश्नावली मला आता तोंडपाठ आहे. मुलाचा गृहपाठ घरात कोण घेतं? पालकसभेला कोण येतं? घरात वर्तमानपत्र येतं का? अभ्यासाला वेगळी जागा आहे का? आई किती शिकली, वडील किती शिकले? हे सगळे प्रश्न आईबाप मुलाला काय देतात याचे आहेत. ते विचारायला हवेतच. पण मूल त्या घराला काय देतं, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर मला दिसला नाही. घरात तीन वर्षांखालचं बाळ आहे का, आणि सकाळी आई कामावर गेल्यापासून ती परत येईपर्यंत ते बाळ कोणाच्या कडेवर असतं, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे आठ ते तेरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत वर्गात कोण बसणार आणि कोण नाही, याचा निकाल बऱ्याचदा याच एका गोष्टीवर लागतो.

कापसाच्या वेचणीचे दिवस घ्या. गणपती उठले, पितृपक्ष सरला की बोंडं फुटायला लागतात. सकाळी सात-साडेसातला चौकात टेम्पो उभा राहतो. बाया भाकरी बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून चढतात. अंगणवाडी त्यानंतर उघडते आणि दुपारी सुटते. शाळा साडेदहाला भरते. टेम्पो परत येतो दिवस मावळताना. आता या वेळांच्या मध्ये दहा महिन्यांचं बाळ बसवून दाखवा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. त्याला दिवसभर ठेवायची जागा मिळत नाही. तीन वर्षांचं झाल्यावर ते अंगणवाडीत बसू लागतं, तेही अर्धा दिवस.

बाळाला शेतात न्यावं तर नुकतीच फवारणी झालेली असते, सावलीला एखादी बाभूळ, आणि खाली काय सरपटत असेल ते सांगता येत नाही. शिवाय वेचणीची मजुरी किलोवर असते. बाई दूध पाजायला बसली तेवढे किलो कमी. सासू घरी असेल म्हणाल, तर आमच्याकडची सासूही वेचणीलाच असते. साठीतल्या बायासुद्धा टेम्पोत असतात. राहिली थोरली मुलगी.

माझ्या वर्गात चौथीत अशी एक मुलगी होती. नाव सांगत नाही. आई टेम्पोत चढली की ती भावाला घेऊन शाळेत यायची आणि दाराजवळ बसायची, म्हणजे तो रडला तर पटकन बाहेर पडता येईल. डावा हात भावाच्या पोटाभोवती, उजव्या हातात पेन्सिल. वही धरायला तिसरा हात नाही, त्यामुळे ती सारखी सरकायची. मग तिने गुडघ्याने वही दाबून लिहायची युक्ती काढली. तिचं अक्षर उजवीकडे उतरतं का, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊ कुरकुरला की ती व्हरांड्यात जाऊन त्याला थोपटायची. तेवढ्यात आमचा बाकी उरणारा भागाकार पुढे गेलेला असायचा. नंतर मी जुन्या लुगड्याची झोळी खिडकीच्या गजाला बांधून दिली. तो झोपला की ती दोन तास सगळं लिहून काढायची, आणि तिला येत होतं, चांगलं येत होतं. पण शाळेत रांगणारं मूल, वर्गाच्या खिडकीला झोळी, हे कुठल्याच तपासणीत बसत नाही, आणि बाकीच्या तीस मुलांकडे बघताना माझंही लक्ष कुठे कुठे पुरणार? वेचणी जोरात आली तशी ती यायची बंद झाली. घरी गेले तर ओट्यावर बसून भावाला कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवत होती. मला बघून एकच बोलली, "मॅडम, धाकलाले कोन धरी?"

त्याच घरात तिचं दप्तर खुंटीला टांगलेलं होतं. चेन तुटलेली, आईने जाड दोऱ्याने तिथे बटणं लावलेली. सकाळी चारला उठून, दिवसभर वाकून कापूस वेचून आलेल्या बाईने रात्री दिव्याखाली ती बटणं शिवली होती. तिला उदासीन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमच्या शास्त्रातलं थोडंफार मी वाचलेलं आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत कोलमन यांच्या नेतृत्वाखाली लाखो विद्यार्थ्यांची पाहणी झाली, आणि शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती त्याच्या शिकण्यावर जास्त परिणाम करते, असं त्यातून पुढे आलं. तेव्हापासून तुमच्या विषयाचं लक्ष घराकडे वळलं. मग फ्रान्समध्ये बोर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवलाची मांडणी केली : सुशिक्षित घरातली भाषा, सवयी, आवडीनिवडी शाळेला आपल्याशा वाटतात, आणि त्या घरातलं मूल पहिल्या दिवसापासून पुढे असतं. आमच्या पाड्यावरचं पावरी बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठीचं पुस्तक उघडतं तेव्हा हे मला रोज दिसतं, त्यासाठी पुरावा लागत नाही. पुढे ॲनेट लारो यांनी अमेरिकेतल्या ८८ मुलांच्या घरांचा अभ्यास केला, त्यातल्या १२ कुटुंबांत तर त्या आणि त्यांचे सहकारी पुन्हा पुन्हा जाऊन बसले. मध्यमवर्गीय आईबाप मुलाला या क्लासहून त्या खेळाला नेत, त्याच्याशी बोलत, वाद घालत त्याला घडवत असतात. कष्टकरी आईबाप खाऊपिऊ घालतात, माया करतात आणि बाकी वाढणं मुलावर सोडतात, असा फरक त्यांनी दाखवला.

हे सगळं मोलाचं आहे. पण लारो यांनी निवडलेली मुलं साधारण नऊ-दहा वर्षांची होती, माझ्या त्या चौथीतल्या मुलीच्याच वयाची. त्या अभ्यासात, आणि त्याच्या साच्यावर बेतलेल्या तुमच्या प्रश्नावलीतही, नऊ वर्षांचं मूल हे सांभाळलं जाणारं मूल आहे. आमच्याकडची नऊ वर्षांची मुलगी सांभाळणारी आहे. तिला कोण वेळ देतं हे तुम्ही मोजता. ती कोणाला किती तास देते, हे मोजायचं राहून जातं. आणि ते राहिलं की पुढचं सगळं चुकतं : गैरहजेरी दिसते, तिचं कारण दिसत नाही, मग रिकाम्या रकान्यात उदासीनता येऊन बसते.

मोजता येत नाही असं मुळीच नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळ वापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे करून घरातला प्रत्येक माणूस काय करत होता हे लिहून घेतलं. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, हा आकडा वर्तमानपत्रांतून बराच फिरला. पण त्या पाहणीत सहा वर्षांवरच्या सगळ्यांची नोंद होती, हे कोणी फारसं बोललं नाही. म्हणजे सात, आठ, नऊ वर्षांच्या मुलींचे दिवसही त्यात आहेत. ती कच्ची माहिती तुम्हा अभ्यासकांना मिळू शकते. लहान भावंड असलेल्या घरातली मुलगी आणि नसलेल्या घरातली मुलगी यांचे दिवस शेजारी ठेवून बघा. आमच्या एका जिल्ह्यापुरता तो नमुना तोकडा पडेल, पण कुठे खणायचं ते तरी कळेल.

कुटुंबाचा प्रकार लिहितानाही तुमची अशीच गल्लत होते. घरात नवरा, बायको, मुलं दिसली की तुम्ही विभक्त कुटुंब अशी खूण करता. अ. मो. शाह यांनी गुजरातच्या खेड्यात काम करून, एका छपराखाली राहणारं घर आणि नात्याने बांधलेलं कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात, हे दाखवून अर्धं शतक झालं. आमच्याकडे चूल वेगळी झाली तरी भिंत एकच असते. आजी धाकट्याच्या ताटात जेवते आणि थोरल्याची नातवंडं सांभाळते. कागदावर विभक्त असलेलं हे घर मूल सांभाळायच्या बाबतीत एकत्रच असतं. आणि याच्या उलट सालदाराचं घर बघा. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं. वर्षभराचा करार झाला की नवरा-बायको मुलं घेऊन मालकाच्या गावी, मळ्यातल्या खोलीत राहायला जातात. पगार ठरतो, धान्य ठरतं. पण त्या दिवशी मुलांची आजी सुटते, चुलती सुटते, शेजारची मावशी सुटते. तुम्ही याला फक्त स्थलांतर किंवा वेठीची मजुरी म्हणून अभ्यासता. बाळाला धरणारी तीन-चार माणसं एका दिवसात गेली आणि सगळा भार थोरलीवर आला, हा त्यातला भाग शाळेला लगेच जाणवतो. नव्या गावच्या शाळेत मुलाचं नाव दाखल होतं आणि मुलीचं "आणतो मॅडम, पुढच्या आठवड्यात" असं होत राहतं. भावाचं नाव आधी का लागतं, तिचं मागे का राहतं, हेही विचारा. ते सगळं बाळावर ढकलता येणार नाही. मुलगी ही घरातली हक्काची हातमदत, ही समजूत आमच्याकडे खोल आहे.

ऊसतोडीचं तर काय सांगू. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून, चाळीसगाव-पारोळ्याकडून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी गुजरातेत. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. त्या हिशेबात दूधपितं बाळ कुठेच नाही. पण बाळ तर बरोबर जाणारच. त्याला कोपीत, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीत, कोण बघणार? मग नऊ-दहा वर्षांची बहीण बरोबर जाते. तीच चूल पेटवते, पाणी आणते, बाळ सांभाळते. स्थलांतरित मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली. चांगली कल्पना आहे : आईबाप गेले तरी शाळेतली मुलं गावातच राहावीत. धडगावला असताना मी घरोघर जाऊन पालकांना यासाठी विनवलं आहे. मुलांना ठेवायला तयार झालेले बाप मुलीच्या नावाला मान हलवत. कारण विचारलं की आईच्या कडेवरच्या बाळाकडे बोट जाई. वसतिगृह शाळेच्या वयाच्या मुलांसाठी, आणि मुलीला शाळेपासून दूर नेणारं मूल शाळेच्या वयाचं नसतंच. त्या बाळाची कामाच्या जागी सोय झाल्याशिवाय वसतिगृहातली मुलीची गादी भरणार नाही, हे मला तिथे समजलं. होळीला टोळ्या परततात. सातपुड्यातल्या काठी गावची होळी चुकवायची नसते, तिच्यासाठी माणसं कुठून कुठून येतात. मग मुलगीही वर्गात येते, आणि समोर वार्षिक परीक्षा असते. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती आणि नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत खाली. त्या आकड्यामागे शाळा नसणं आहे, रस्ता नसणं आहे, भाषा आहे. आणि हे बाळही आहे.

शहरातला अभ्यास करणाऱ्यांनाही एक सांगते. जळगावच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये नोकरी करणाऱ्या आईचं मूल बाई सांभाळते, नंतर ते डे-केअरला जातं, मग क्लास, मग अकॅडमी. त्या बाईचं स्वतःचं मूल झोपडपट्टीत तिची थोरली मुलगी सांभाळते. मध्यमवर्गाच्या पालकत्वावर एक प्रबंध होतो, मुलींच्या गळतीवर दुसरा, आणि ही दोन घरं एकमेकांना जोडलेली आहेत हे दोन्हींत येत नाही. एकाच बाईच्या मागे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरलात तर दोन्ही प्रबंध एका दिवसात समोर येतील.

मी काही नवं मागते आहे असं समजू नका. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे : प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत पोचावं म्हणून पाळणाघरं काढली जातील, भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं म्हणून, आणि गरीब घरांतल्या कामकरी बायांना आधार म्हणून. भावंडं सांभाळणारी मुलगी सरकारी धोरणाला तेव्हा दिसली होती. १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने श्रमशक्ती हा अहवाल दिला, त्यातही कष्टकरी बायांच्या मुलांच्या सांभाळाचा प्रश्न मांडलेला होता. त्याच्या किती आधी, १९४५ नंतर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. मूल शाळेत येत नसेल तर त्याचं काम काय आहे ते बघा आणि शाळा तिथे न्या, एवढा साधा विचार त्यांनी करून दाखवला होता. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी तिथेच, कामाच्या जागी पाळणाघर सुरू केलं.

कायद्यांचं बघितलं तर १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त बाया असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला त्यांतलीच एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची, असं ठरवलं. दोन्हीकडे हजेरीपट आहे, म्हणून तिथलं बाळ दिसलं. खासगी शेतात आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे जाणाऱ्या वेचणीच्या बाईला कुठलाच हजेरीपट नाही. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाची हमी देतो. तीन ते सहासाठी शासनाने सोय करावी एवढं म्हणतो. तीनच्या खाली त्याचं काम नाही. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीच्या कायद्यात, शाळेची वेळ सोडून कुटुंबाला केलेली मदत बसत नाही. ती मुलगी शाळेच्या वेळेतच भावाला धरून बसलेली असते, पण घरात, आणि घरात कोणी तपासायला जात नाही. चार कायद्यांच्या मधल्या जागेत आमची चौथीतली मुलगी आहे.

आता तुमच्याकडून काय हवं आहे ते सांगते. पहिलं म्हणजे येण्याची वेळ बदला. तुम्ही बहुधा जानेवारीनंतर येता, किंवा तुमच्या उन्हाळी सुटीत. तेव्हा वेचणी संपलेली असते. घरं भरलेली दिसतात, किंवा टोळी गेलेली असल्यामुळे कुलूप असतं, आणि कुलूप दिसलं की फॉर्म पुढच्या घरी जातो. दसरा ते मार्गशीर्ष या दिवसांत या. आणि सकाळी अकराला येऊ नका. तेव्हा घरात आजारी म्हातारी किंवा पाहुणे असतात आणि तुम्ही त्यांनाच पालक म्हणून प्रश्न विचारता. टेम्पो निघायच्या आधी या आणि परत येईपर्यंत थांबा.

दुसरं, आमच्याकडे असलेल्या वह्या बघा. माझ्या हजेरीपत्रकात प्रत्येक मुलीची रोजची हजेरी आहे. अंगणवाडीच्या सेविकाताईंच्या नोंदवहीत गावातल्या प्रत्येक बाळाची जन्मतारीख आहे. दोन्ही शाळेच्या आवारातच, शंभर पावलांच्या अंतरावर असतात. त्या एकत्र मांडा. घरात बाळ आल्यावर मुलीची हजेरी कोणत्या महिन्यात पडते, वेचणीत किती, केळीच्या काढणीत किती? बाळ तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत बसायला लागल्यावर ती वर येते का? त्याच घरातल्या तिच्या भावाच्या हजेरीला काही होतं का? गरिबी दोघांना सारखीच आहे, आईबाप तेच आहेत, शाळा तीच आहे. भावाची रेघ सरळ आणि बहिणीची खड्ड्यात, असं निघालं तर कारण शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि माझं म्हणणं चुकीचं निघालं तर तेही लिहा. वार्षिक सरासरी मात्र काढू नका. सरासरीत जून-जुलैची भरलेली हजेरी ऑक्टोबरचा खड्डा बुजवून टाकते, आणि वरिष्ठ कार्यालयाला सगळं ठीक दिसतं.

तिसरं, मुलीला विचारा. आईच्या परवानगीने, आईच्या समोर, तिच्या भाषेत. काय चुकतंय असं विचारू नका, काल सकाळपासून काय काय केलंस ते विचारा. ती नीट सांगेल. बाळाला ताप आला की आधी काय करायचं, कोणत्या रडण्याला भूक म्हणायचं, हे तिला चांगलं कळतं, आणि भावावर तिची माया आहे. ती मायाही तुमच्या लिखाणात आली पाहिजे. कारण यातून भलताच निष्कर्ष काढला जाण्याची मला भीती आहे : आईबाप मुलीला राबवतात, त्यांना नोटीस द्या. तसं झालं तर पुढच्या वेळी कुठलंच दार तुमच्यासाठी उघडणार नाही, माझ्यासाठीही नाही. आणि बापांना विचारायचं विसरू नका. बाळ कोण सांभाळतं हा प्रश्न तुम्ही नेहमी बाईला विचारता. पावसाळा सरल्यावर, रानात काम नसलेल्या दिवशी पारावर बसलेल्या बापालाही विचारा.

एवढं आकड्यांत मांडलंत तर पुढची वाट फार लांबची नाही. गावात एक खोली, गावातलीच एक-दोन माणसं पगारावर, टेम्पोच्या आधी उघडणारी आणि टेम्पोनंतर बंद होणारी जागा, निदान वेचणीच्या महिन्यांत. केंद्राने २०२२ मध्ये अंगणवाडीला जोडून पाळणाघराची योजना आणली आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो; आमच्याकडे त्यातून बऱ्याचदा साहित्य खरेदी होते. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. फक्त हे काम सेविकाताईंच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही म्हणून टाकायची शिफारस करू नका. मानधनावर त्या आधीच पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलमधली माहिती हे सगळं उपसत आहेत. बाळ सांभाळणं हे पूर्ण दिवसाचं काम आहे आणि त्याचा पूर्ण दिवसाचा पगार हवा, हे तुमच्या शिफारशीत पहिलं यावं.

जिल्हा परिषदेच्या बैठकीत मी हे बोलते तेव्हा तो मॅडमचा अनुभव होतो. तुम्ही तक्ता मांडलात की त्याला पुरावा म्हणतात आणि त्याच्यावर तरतूद होते. माझ्या बोलण्यापेक्षा तुमच्या तक्त्याला वजन आहे, ते आमच्या मुलींसाठी वापरा. आणि प्रबंध पुरा झाला की त्यातलं दोन पानांचं सार घेऊन परत या. अहिराणीत, पावरीत, ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्यांनी तुम्हाला दिवसभर बसवून आपलं घर सांगितलं, त्यांना ते काय म्हणून लिहिलं गेलं हे ऐकायचा हक्क आहे.

या वर्षीची वेचणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होईल. त्याआधी, पोळ्याच्या सुमाराला, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं परवानगीचं पत्र घेऊन ठेवा. दोन्ही पत्रं लागतील, एकावर काम होत नाही. हजेरीपत्रक एका खात्याचं आहे आणि बाळांची नोंदवही दुसऱ्या खात्याची. मुलींची नावं झाकून उतरवून घ्यायची आहेत, त्यामुळे बरोबर एक जास्तीचा माणूस आणा. राहायची सोय गावात होईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
चोपडा तालुका, जि. जळगाव